काशाचं पदक

वडील साताऱ्याच्या मार्केट यार्डात हमाल. पावसाळ्यात मालाची आवक थांबली की आमच्या भाकरीला कोरड्यास नसायचं. पण भिंतीवर पणजोबांचं, खंडूजींचं पदक होतं. पहिल्या महायुद्धात ते बंदूक घेऊन लढले, असं घरात सांगत. दर खंडेनवमीला आई ते चिंचेनं लखलखीत घासायची आणि वडिलांच्या हमालीच्या हुकाशेजारी शस्त्र म्हणून पूजेला मांडायची.

मी घराण्यातला पहिला पदवीधर. नोकरी लागल्यावर मला जुनी पदकं जमवायचा नाद लागला, तो या पदकापायीच. पुण्याच्या एका प्रदर्शनात मी ते ऐटीत दाखवलं. तिथला व्यापारी म्हणाला, या युद्धाचं पदक चांदीचं असतं, तुमचं तांबूस आहे, म्हणजे नकली. घरी येऊन पदक खिळ्याला अडकवलं आणि हे सांगितलं, तसं वडिलांनी ते उतरवलं. तो रिकामा खिळा काही मला बघवेना. पदक एका जाणकाराला दाखवायला मी नागपूरची गाडी धरली.

स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) मागवले. दुसऱ्याच घासाला उचकी लागली. गाडीवाल्यानं गाव विचारून घेतलं होतं.

"साताऱ्याचे म्हणता, मंग पाणी काहून मागून राहिले भाऊ?"

साताऱ्याच्या अब्रूसाठी आणखी एक प्लेट खाल्ली. त्यात शर्टावर तर्री सांडली ती सांडलीच.

प्रताप नगरात कुंदाताई राहतात. इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका, पदकांचा मोठा संग्रह. ओळख फक्त फोनवरची. शर्टाचा डाग बघून त्या हसल्या आणि आधी जेवायला बसवलं. वडाभात होता (भातावर डाळीचे वडे कुस्करायचे, वरून हिंगाची फोडणी). पदकाचा विषय काढला की त्या आणखी एक वडा वाढायच्या.

मग खिडकीशी टेबल मांडलं. पदकाची चकाकी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"चिंचेनं काहून घासलं गा? आईले सांग, हे पदक आहे, देवाचं तामन नाही."

इतक्या वर्षांच्या घासण्यानं राजाचं नाक गेलं होतं आणि कडेवर इंग्रजीत 'खंडू' एवढंच वाचता येत होतं. मी विचारलं, खरं की खोटं? त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

"तूच पाह्य. मी सांगितलं तर तो माहा शब्द राहीन."

पदकावरची युद्धाची सालं हा पुरावा नाही, ती नकलेवरही असतात. ओतीव नक्कल थंड होताना आकसते, म्हणून आधी माप घेतलं. त्यांच्याकडच्या त्याच युद्धाच्या खऱ्या चांदीच्या पदकाशी ते जुळलं. ओतकामाची बारीक छिद्रं कुठे दिसली नाहीत. मग पदक उन्हात तिरपं धरून कड हळूहळू फिरवली. ठशानं ठोकलेली अक्षरं, दोन्ही पदकांवर एकाच वळणाची. 'खंडू'च्या पुढे पुसट इंग्रजी अक्षरं वर आली. मी एकेक जुळवत वाचली, 'पोर्टर'.

"जमलं," कुंदाताई म्हणाल्या. "बंदूकवाल्यायले चांदीचं देत होते. ओझं वाहणाऱ्यायले हे काशाचं. तुह्या पणजोबाले लढाई संपल्यावर भेटलेलं आहे. अस्सल."

पदक खरं होतं. बंदूक मात्र गेली. हे वडिलांना कसं सांगायचं, या विचारात परतीची रात्र गेली. सोबत घेतलेली संत्र्याची बर्फी निम्मी मीच संपवली.

घरी सगळं सांगितलं. वडिलांनी पदक तळहातावर तोललं.

"म्हणजे त्यो बी हमालच?"

"हो."

"मग त्याला हुकाशेजारी ठेवत होतो, ते बरोबरच होतं की." आणि ते हसत सुटले.

यार्डात ही बातमी त्यांनी स्वतःच सांगितली. पदक पुन्हा त्याच खिळ्यावर आहे. आई आता ते कोरड्या फडक्यानं पुसते. ते अस्सल आहे, माझ्या पणजोबांचं आहे, आणि हे मी स्वतः तपासून ठरवलं आहे.