येणार होता

लोणावळ्याच्या शाळेत आज नववीला इंग्रजीतलं ‘would’ शिकवताना मी फळ्यावर मराठी उदाहरण लिहिलं: ‘तो येणार होता.’ पहिल्या बाकावरच्या मुलीने लगेच विचारलं, ‘‘मॅडम, मग आला का?’’

खडू हातातच राहिला. शाळेमागच्या कुणाच्या तरी घरात आंबेमोहोर भात शिजत होता, आणि त्या वासासरशी मी टाकवे गावातल्या, लहानपणीच्या आमच्या चुलीपाशी जाऊन पोचले.

दादा घरातून भांडून गेला होता. दिवाळीला येतो, असा त्याचा निरोप होता. आईने त्याच्यासाठी ठेवणीतला आंबेमोहोर रांधला होता. मला एका जागी बसवत नव्हतं. एसटीचा आवाज आला की अंगणात, तिथून परत चुलीपाशी. शेवटची एसटीही गेली, तेव्हा शेजारच्या मावशी दारात आल्या.

‘‘थोरला येनार व्हता ना गं?’’

आईने भातावर झाकण आपटलं. ‘‘व्हता कशापायी म्हनतीस? येनार हाय!’’

एवढ्याशा शब्दावरून आई मावशींवर तडकली, याची तेव्हा मला लाज वाटली. दादा आजतागायत आलेला नाही. आता कळतं, त्या ‘व्हता’ने मावशी आमचं दार लावून घेत होत्या आणि आई ते उघडं धरून उभी होती.

मुलगी अजून माझ्याकडे बघत होती. मी ‘होता’ तेवढं पुसलं आणि ‘आहे’ लिहिलं.

‘‘मॅडम, उदाहरण चुकलं,’’ ती म्हणाली.

चुकू दे.