पाटावरची हलकी रायफल

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर शस्त्रे मांडतात. या वर्षी वडिलांच्या दुनळी बंदुकीशेजारी मी माझी नवी रायफल ठेवली, तेव्हा धाकटा भाऊ हसला. "दादा, आता प्लास्टिकलाही कुंकू लावायचं का?"

रायफलच्या त्या दस्त्याला प्लास्टिक म्हणणे अज्ञानाचे आहे. ते पॉलिमर आहे. पावसात फुगत नाही, उन्हात तडकत नाही. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरली जाते. वर्षभर नेमबाजीच्या मैदानावर वापरून मी हे बोलतो आहे. तिचा दोषही मीच सांगतो: ती इतकी हलकी आहे, की श्वास जरा चुकला तरी नळी भरकटते. म्हणजे नेमबाजाची ती अधिक कठोर परीक्षा घेते. परंतु आपल्याकडे जे जड, तेच भारदस्त. माणसांनाही हाच न्याय लावला जातो.

पूजेला आलेल्या पाहुण्यांना भावाने कारण वेगळेच सांगितले. "दादांच्या खांद्याला दुनळी पेलवत नाही हो आता, म्हणून ही घेतली."

ही कथा तो गावभर सांगत असतो. मी रिकामी दुनळी उचलली आणि एका हाताने आडवी धरली. ती थरथरली, हे मी नाकारत नाही. ती थरथर संतापाची होती. पाहुण्यांनी मात्र घाईने नजर वळवली, आणि भावाने, या वेळी न हसता, बंदूक माझ्या हातातून अलगद काढून घेतली. त्या अलगदपणाचा राग अजून गेलेला नाही.