फाटकाच्या आतला साक्षीदार

"कुलूप तेवढं तुमी लावा, सर."

शिरड शहापूरच्या आमच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. शाळा सुटून शेवटचं पोरगं बाहेर पडलं की आमचे वॉचमन फाटक ओढून घेत, कडी घालत आणि किल्ली माझ्या नाहीतर शिपाईबाईंच्या हातात देत. फाटक सांभाळण्याचाच त्यांना पगार होता, पण नऊ वर्षांत मी त्यांना कुलूप लावताना पाहिलं नाही. एखाद्याची अशी खोड गाव हसून सोडून देतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. "फौजी कुलपाला भितात," असं पोरं म्हणत. "व्हय, भेतो," म्हणून तेही हसत.

सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. गुडघे गेलेले, पण बूट आरशासारखे. जयंतीच्या मिरवणुकीत पांढराशुभ्र शर्ट घालून ते रस्ता मोकळा करत. शाळेत शेळी शिरली तरी आधी तिला अदबीनं विचारत, "कोणाकडं काम हाये?"

एका दुपारी पोलिसांची जीप शाळेत आली. फौजींनी काय केलं म्हणून गावात कुजबुज सुरू झाली. पोलिसांनी एक इंग्रजी कागद त्यांना दिला, त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

तरुणपणी ते शांतिसेनेच्या तुकडीतून आफ्रिकेतल्या एका देशात गेले होते. तिथं एका टोळीनं तुकडीच्या तळाबाहेर माणसं कापली. टोळीचा म्होरक्या पुढं नाव बदलून युरोपात गेला आणि तिथं पावाचं दुकान चालवू लागला. कत्तलीतून वाचलेल्या एका बाईनं त्याला बाजारात ओळखलं. त्याच्या मायदेशानं त्याला परत मागितलं, पण तिथं त्याचेच जुने सोबती सत्तेवर होते. ते त्याला सोडून देतील म्हणून युरोपातल्या कोर्टानं नकार दिला आणि खटला स्वतःच चालवायला घेतला. असले गुन्हे कुठंही घडोत, ते आपल्याकडं चालवता येतात, असं तिथला कायदा सांगतो. त्या दिवशी तळाच्या फाटकावर फौजी होते, हे तुकडीच्या जुन्या नोंदीत निघालं, म्हणून हा साक्षीचा कागद आला होता.

आमच्या मुख्याध्यापकांना ते काही पटेना. मेलेले एका देशाचे, पकडणारे दुसऱ्या देशाचे, आणि साक्ष हिंगोलीतून कशासाठी, असं त्यांनी विचारलं.

"माणसं व्हती ना, सर," फौजी एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते मला लिंबाखाली घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. आसऱ्याला आलेल्यांनी तळ भरला होता. आता कोणाला आत घ्यायचं नाही, असा हुकूम आला आणि कुलूप यांनी लावलं. बायका, म्हातारे, लेकरं बाहेर राहिली. मग टोळी आली. एक बाई गज धरून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. यांना ती भाषा येत नव्हती.

"बंदुका व्हत्या आमच्याजवळ. हुकूम नव्हता," ते म्हणाले. मग सावकाश म्हणाले, "माझं पोरगं म्हणून राहिलंय, काही दिसलं न्हाई म्हणून सांगा. कुलपाचं तर बोलूच नका."

हिंगोलीच्या कोर्टात पडद्यावरून साक्ष झाली. दुभाषी म्हणून मीच शपथ घेतली. पडद्यावर आरोपी दिसला. पांढरे केस, चष्मा, लोकरी स्वेटर. शांतपणे काहीतरी टिपून घेत होता. फौजींनी त्याला ओळखलं, तेव्हाही त्यानं मान वर केली नाही.

मग त्याच्या वकिलानं विचारलं, फाटक बंद होतं, तुम्ही आत तुकडीत होता, मग इतक्या जवळून माणूस दिसला कसा?

फौजी पडद्याकडं बघत राहिले. दिसलं नाही म्हणायची वाट त्या वकिलानंच मोकळी करून दिली होती. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला.

"कुलूप मीच लावलं व्हतं," ते म्हणाले. "किल्ली माझ्याच हातात व्हती. म्हणून मी गजाजवळ व्हतो. हा तीन हातांवर उभा व्हता. आधी कोणाला, ते बोटानं दाखवत व्हता."

साक्षीदाराचं 'मी' दुभाष्यानंही 'मी' म्हणूनच सांगायचं असतं. त्यामुळे कुलूप मी लावलं, असं त्या सगळ्यांसमोर इंग्रजीत मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आरोपीनं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

परतताना औंढ्याच्या स्टँडवर आम्ही चहा घेतला. कप रिकामा झाला तरी तो त्यांच्या हातातच होता.

"मंग उघडलं काहून न्हाई, हे कोणीच इचारलं न्हाई," ते म्हणाले.

एस.टी. लागली आणि आम्ही उठलो.

त्याच हिवाळ्यात ते गेले. सकाळी बुटांना पॉलिश करता करता, बसल्या जागी. निकाल नंतर आला, जन्मठेपेचा. त्याचा जाडजूड लिफाफा फौजींच्या घरी पोचला तेव्हा त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मला बोलावलं. शेवटी मेलेल्यांच्या यादीची चार पानं जोडलेली होती.

"यात ती गज धरलेली बाई कोणती?" वहिनींनी विचारलं. साक्षीनंतर फौजींनी घरी सगळं सांगितलं होतं.

माहीत नाही, म्हणालो.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंग समदीच वाचा."

ती नावं माझ्या जिभेवर बसत नव्हती. अक्षर अक्षर जुळवत मी वाचत गेलो आणि दर नावाला वहिनी मान हलवत राहिल्या. चौथ्या पानावर नावं नव्हती, नुसती वयं होती. दोन वर्षं. पाच महिने. चार वर्षं. तीही मी वाचली.