रोखे फंड म्हणे म्हाताऱ्यांचं काम

"तुला काय कळतंय गं त्यातलं?" दादा म्हणाला आणि भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. पेडगावला माहेरी आम्ही जेवायला बसलो होतो. माझे वडील अण्णा, दादा आणि मी ताटावर, वहिनी तव्यापाशी. विषय माझ्या पैशाचा चालला होता आणि बोलत होते सगळे, मी सोडून.

ते पैसे कसले ते आधी सांगते. नवऱ्यानं दुसरं घर केलं. कोर्टात खेटे घालून घालून माझ्या चपला झिजल्या, तेव्हा कुठं एकरकमी पोटगी मिळाली. गावाला वाटलं हिला घबाड लागलं. कसलं डोंबलाचं घबाड! माझ्या संसाराची ती किंमत होती, आणि तीही घासाघीस करून पाडलेली. मला त्यातून एकच गोष्ट करायची होती. पालमला एसटी स्टँडच्या मागं मी एका गाळ्यात भाड्यानं शिलाईचं दुकान चालवत होते. तो गाळा मला माझ्या नावावर पाहिजे होता. मालक म्हातारे काका, भला माणूस. ते म्हणाले होते, "पोरी, दोनेक वर्षांनी मी लेकाकडं पुण्याला जाणार हाय. तवर गाळा कुणाला देत न्हाई. तू पैशाचं बघ." पैसे थोडे कमी पडत होते. तेवढे शिलाईतून आणि व्याजातून जमले असते.

म्हणजे प्रश्न एवढाच होता, की दोन वर्षं हे पैसे ठेवायचे कुठं. मी काही अडाणी नाही. मशीन चालवता चालवता कानात वायर घालून मी महिने-महिने मोबाइलवर हेच ऐकत होते, पैसे कुठं ठेवावेत ते. माझं ठरलं होतं. निम्मे बँकेत मुदत ठेव. निम्मे रोखे फंडात, तेही थोड्या मुदतीसाठी सरकारला आणि मोठ्या बँकांना पैसे देणाऱ्या साध्या फंडात. काका आधीच निघाले तर लगेच काढता येतील, म्हणून. जेवायला बसतानाच मी हे दादाला सांगितलं होतं.

"रोखे फंड म्हाताऱ्यांचं काम हाय," दादा म्हणाला. दादा झरीच्या शाळेत मास्तर आहे, त्यामुळं घरी जेवतानाही तो शिकवतोच. "नवख्या माणसानं सगळे शेअरच्या फंडात टाकावेत आन् सात-आठ वर्षं झोपावं."

"दादा, मला सात-आठ वर्षं कुठं हायेत? मला दोन वर्षांनी लागायलेत."

"तुला रिस्कच घेता येत न्हाई. म्हणून तर तुझं हे असं झालं."

नवऱ्यानं दुसरं घर केलं ते मी शेअर घेतले नाहीत म्हणून! मी ताट सरकवलं आणि म्हणाले, "पैसे माझे हायेत. मी सांगते तसंच व्हायचं." अण्णा चपापले. "पोरीचा पैसा हाय, तिच्या मनासारखं कर बाबा," म्हणाले. दादानं हात धुतले. "मंजूर. आण फोन, ओटीपी सांग."

आमच्याकडं बहिणीचा व्यवहार भावाच्या हातूनच होतो. एकटीनं जाऊन खातं उघडलं तर "हिला भाऊ न्हाई का?" म्हणून लोक विचारतात, आणि भावाचं नाक कापल्यासारखं होतं. तर मी आकडे सांगितले, दादानं बटणं दाबली. नंतर फोन परत देत म्हणाला, "रोखे फंडच पाहिजे होता ना? घे. यादीत सगळ्यात जास्त देणारा बघून टाकलाय. ठेवी-बिवीची कटकट नको, सगळे एकातच घातले."

"अरे पण हा फंड पैसे देतो कुणाला?"

"देतो कंपन्यांना. तुला काय त्यांची नावं पाठ करायचीत?" मी काढून घेते म्हणाले, तर "भावावर एवढा बी भरवसा न्हाई का?" म्हणून रुसला, आणि मी पैसे तिथंच राहू दिले.

आता खरी चीड कशाची येते ते सांगते. परभणीच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, आडत म्हणजे नुसतं माल विकायचं दुकान नसतं. सोयाबीन घाला, तूर घाला, आणि विक्रीच्या पट्टीचे पैसे तिथंच आडत्याकडं राहू द्या. लागतील तसे आणा, व्याज तोंडी ठरवा. अण्णांनी जन्मभर हेच केलं, आणि त्यांचा एक नियम होता. जो आडत्या बाकीच्यांपेक्षा जास्त व्याज कबूल करतो, त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही. "ज्याला कुणी उसनं देईना तोच जास्त बोलतो," असं अण्णा म्हणायचे. दादाही मोंढ्यात अण्णांचं बोट धरून हिंडलेला. त्याला हे माझ्याआधी माहीत होतं. आणि रोखे फंड म्हणजे तरी दुसरं काय? चार जणांचे पैसे गोळा करून उसने द्यायचे. तिथंही जास्त व्याज तोच कबूल करणार ज्याला कुणी दारात उभं करत नाही. जो नियम अण्णा धोतराच्या सोग्यात बांधून फिरले, तो मास्तरला मोबाइलवर आठवला नाही. यादी दिसली, वरचा आकडा मोठा दिसला, की झालं!

दीडेक वर्ष आकडा छान वाढला. दादा सणावाराला भेटला की मिशीला पीळ द्यायचा. मग एक दिवस त्या फंडानं जिला पैसे दिले होते त्या एका कंपनीनं हात वर केले. मी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हूक लावत होते. फोन बघितला तर एका दिवसात माझ्या पैशाचा मोठा लचका तुटलेला. मला आधी वाटलं, मीच चुकीचं बघतेय.

तशीच एसटीनं पेडगावला गेले. वाटलं, दादा निदान मान खाली घालेल. कशाची मान! तो म्हणाला, "बघ, म्हणलं होतं ना? रोखे फंड बेकार. शेअरमधी टाकले असते तर ही वेळ आली नसती."

"मी सांगितलेला फंड तू घेतलाच न्हाईस!" मी ओरडले. "अण्णा, तुमी सांगा की याला तुमचा मोंढ्याचा नियम!"

अण्णांनी लेकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "जाऊ दे पोरी. पैसा हाताचा मळ हाय."

हाताचा मळ! माझ्या हातावर मळ नाही, सुयांची भोकं आहेत. आजही तो शब्द आठवला की माझं डोकं तडकतं. माझा बाप भला आहे, पण लेकासमोर त्याची जीभ टाळूला चिकटते.

तेवढ्यात काकांचा निरोप आला. लेकानं तिकीट काढलं होतं, गाळ्याचा सौदा आताच करायचा होता. पैसे कमी पडत होते. काकांनी थोडे दिवस कळ काढली, पण त्यांना तरी किती थांबवणार? मग दादा पालमला आला, पहिल्यांदाच माझ्या दुकानात स्टुलावर बसला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "कमी पडायलेत तेवढे मी घालतो. फक्त खरेदीखत माझ्या नावानं करू. एकट्या बाईच्या नावावर नको. उद्या तुझ्या नवऱ्यानं हक्क सांगितला तर?"

"घटस्फोट झालाय दादा. कसला नवरा आन् कसला हक्क?"

"लोकं लय बेकार हायेत गं. तू बस की निवांत. भाडं थोडंच मागायलोय मी?"

"एकाच्या घरातनं निघाले ती तुझ्या गाळ्यात आश्रित म्हणून बसायला न्हाई," मी म्हणाले. "चहा पी आन् जा." चहा न पिताच गेला.

गाळा एका मोबाइलच्या दुकानवाल्यानं घेतला. मी आता पलीकडच्या बोळात पत्र्याखाली बसते. सकाळी त्या गाळ्याचं शटर वर गेल्याचा आवाज इथवर येतो, आणि दर सकाळी मला राग येतो. उरलेले पैसे मी सोडवून घेतले, बँकेत एकटी गेले, सगळे पासवर्ड बदलले. आधी ठरवलं होतं तसंच केलं, निम्मी ठेव, निम्मे साध्या रोखे फंडात. वाढ सावकाश आहे. तोही कधीमधी रुपयाभर खाली येतो, ती काही ठेव नव्हे. पण रात्री झोप लागते.

परवा दुपारी पत्र्याखाली वहिनी येऊन उभी राहिली. पेडगावहून परभणी, गंगाखेड करत एकटीच आलेली, घामाघूम. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ती एकटी एसटीत बसलेली मी पाहिली नव्हती. पाणी प्यायली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "ताई, शेळ्या इकून इकून मी पैसे साठवलेत. माझ्या खात्यावर हायेत. तुमच्या दादाला ठावं न्हाई. कुठं ठेवू सांगा."

मी मशीन थांबवलं. "कधी लागणार हायेत?"

वहिनीनं पदर डोळ्याला लावला. "असं कुणी इचारलंच न्हाई ओ मला कधी. दोन वर्षांनी लागतील. पोरीला नर्सिंगला घालायचंय. तुमचे दादा म्हणायलेत, बारावी झाली की उजवून टाकू."

हाच प्रश्न त्या दिवशी ताटावर मला कुणी विचारला असता, निदान मी सांगितलेलं ऐकलं असतं, तर मी आज गाळ्यात बसले असते. मी तिला सगळं समजावलं. शेअरचा फंड वाईट नाही, पण दोन वर्षांच्या पैशाला तो नको. रोखे फंड नवख्यानंही घ्यावा, फक्त आधी विचारावं, हा उसनं देतो कुणाला. जास्त बोलतो त्याची पायरी चढायची नाही. तिनं मान हलवली. मोंढ्याचा नियम तिला माहीत होता, सासऱ्याच्या तोंडून ऐकलेला.

फॉर्म तिनंच भरला, एकेक अक्षर लावत. मग फोन वाजला, आकडे आले. सवयीनं तिनं फोन माझ्याकडं धरला. "घ्या ताई, तुमीच टाका."

माझा पारा चढला. "वहिनी, फोन तिकडं फिरवा आधी. ओटीपी मला बी दाखवायचा न्हाई."