बिल्ल्यांची फळी

भोपाळच्या कोलार रोडवरच्या एका कॉलनीमागे टेकडी आहे. वर देवीचं देऊळ, आणि खालपासून वरपर्यंत एकशे बत्तीस पायऱ्या. मनोहर सरमंडल रोज सकाळी साडेसहाला त्या पायऱ्या पाच वेळा चढत आणि उतरत. पाठीवर जुनी बॅग, तिच्यात पाच-पाच किलो आट्याची दोन पाकिटं. त्यांची बायको इंदुमतीबाई खाली ओट्यावर माळ घेऊन बसायच्या. एका फेरीला दोन माळा, असा त्यांचा अंदाज ठरलेला. दोन माळा होऊनही नवरा दिसला नाही, की त्यांची बोटं थांबायची आणि मान वर व्हायची.

"आज तिसऱ्या फेरीला अडीच माळा झाल्या."

"वर पुजारी भेटला, बोलत होता."

"पुजारी बोलत होता, की तुम्ही कठड्याला टेकून उभे होतात?"

"दोन्ही."

मनोहररावांचं वय एकाहत्तर. या वयात माणसं गुडघ्याला तेल चोळतात, हे गुडघ्यांना कामाला लावत होते. दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कमरेच्या उंचीवर इंदुमतीबाईंची जुनी साडी आडवी बांधलेली असायची. तिच्याखालून ते उकिडवे चालत जायचे आणि यायचे. खाणीत छत बसकं असलं की असंच चालावं लागतं. मोलकरीण पहिल्या दिवशी घाबरून दारातच थांबली होती. शेव बंद, संध्याकाळचा समोसा बंद. मनोहरराव मूळचे इंदूरचे; इंदूरच्या माणसाची शेव बंद करणं म्हणजे काय, ते इंदूरच्या माणसालाच कळेल. इंदुमतीबाई मात्र शेवेचा डबा कुलपात ठेवून मोकळ्या झाल्या होत्या.

हे सगळं चाललं होतं एका गणपतीसाठी.

मनोहरराव बालाघाटकडच्या एका मँगनीजच्या खाणीत सर्व्हेअर होते. खाणीत जसजसं खोदकाम पुढे जाई, तसतसे ते छतात खिळे ठोकत, मोजमाप घेत, आणि प्रत्येक खिळ्याशेजारी लाल रंगाने आकडा घालत. मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरायला शांताराम असे. तो गोंदियाकडचा, कमी बोलणारा, डब्यातली अर्धी भाकरी साहेबांपुढे सरकवणारा माणूस. बावीस वर्षं दोघांनी एकच साखळी दोन टोकांनी धरली. अठ्ठ्याण्णव साली खाण बंद झाली. त्या दिवशी शेवटचा खिळा ठोकला, एकसष्ट नंबरचा. आकडा घालून झाला आणि शांतारामने त्याच ब्रशाने बाजूच्या दगडावर वीतभर गणपती काढला.

"शांताराम, सरकारी रंग आहे तो. पुसून टाक," एवढं बोलून मनोहरराव पुढे निघून गेले. तो पुसतो की नाही, हे बघायला थांबले नाहीत.

पुढे कितीतरी वर्षांनी शांताराम आजारी पडला तेव्हा ते भेटायला गेले. त्याने उशीवरून मान वळवली आणि म्हणाला, "साहेब, तो गणपती मी पुसला नव्हता. तुमचं ऐकलं नाही. जमलं तर एकदा बघून या. एकटाच बसलाय तिथं."

मनोहररावांनी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला हो म्हटलं, म्हणजे ते देवासमोर म्हटल्यासारखंच. शांताराम गेला. त्याची बायको उषा दर गणेश चतुर्थीला फोन करायची. विचारायची नाही काही, नुसती ख्यालीखुशाली. पण न विचारलेलंही ऐकू येतंच.

भोपाळमध्ये जुन्या बंद खाणी बघायला जाणाऱ्या लोकांचा एक क्लब होता, तीसएक माणसांचा. रीतसर परवानगी काढायची, हेल्मेट आणि दिवे घेऊन आत जायचं, बघून यायचं. मनोहरराव पहिल्या वर्षापासून त्यात होते. क्लबला एक शिस्त त्यांनीच लावून दिली होती. प्लायवूडची एक फळी त्यांनी स्वतः रंगवली आणि तिच्यावर ओळीने खिळे ठोकले. आत जाणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळीवर अडकवायचा आणि बाहेर आला की काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला लटकतोय तोवर माणूस आत आहे. खाणीच्या तोंडाशी एक माणूस फळीजवळ बसणार, आणि शेवटचा बिल्ला निघेपर्यंत त्याने उठायचं नाही. खऱ्या खाणीत असंच असे.

फळी सगळ्यांना पटली. बाकी कशावर क्लबात एकमत उरलं नव्हतं.

अध्यक्ष होता नितीन. अशोका गार्डनात त्याचं टायरचं दुकान. धडाडीचा माणूस, आत गेला की व्हिडिओ काढणार आणि संध्याकाळी सगळ्या जगाला दाखवणार. सचिव होती विनिता. टी. टी. नगरला राहायची, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. तिचं म्हणणं, नकाशे करा, नोंदी ठेवा, जत्रा भरवू नका. मनोहररावांना मनातून विनिताचं पटायचं. पण दोन वर्षांपूर्वी इंदुमतीबाईंना चक्कर आली तेव्हा दुकान उघडं टाकून गाडी घेऊन आला होता तो नितीन. मग बोलायचं कुणाच्या बाजूने?

ते बोलतच नसत. नोकरीत असताना दोन युनियनच्या भांडणात एका भल्या सोबत्याची कायमची वाताहत झालेली त्यांनी पाहिली होती. तेव्हापासून त्यांचा नियम, गटात शिरायचं नाही. मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरायची, शेंगदाणे सोलायचे, आणि हात वर करायची वेळ आली की पाणी प्यायला उठायचं.

"तुमच्या क्लबात सगळ्यात जास्त तहान तुम्हालाच लागते वाटतं," इंदुमतीबाई म्हणायच्या.

"दोन्हीकडे माझं बरं आहे, इंदू."

"दोन्हीकडे बरं म्हणजे कुणाच्याच घरचं नाही. पंगतीत उभ्या माणसाला वाढत नाहीत."

ते हसून सोडून देत.

गेल्या वर्षी क्लबाने ठरवलं की पासष्टीपुढच्यांनी आत जायचं तर परीक्षा द्यायची. दहा किलो वजन घेऊन चढायचं, उकिडवं चालायचं, आणि वर डॉक्टरांचा कागद. पायऱ्या आणि साडी सुरू झाली ती तेव्हापासून. जानेवारीत मनोहररावांनी परीक्षा दिली. हौस म्हणून सोबत चढणारे पन्नाशीचे दोघे मध्येच बसले, हे उतरून खाली आले आणि पाणीसुद्धा मागितलं नाही. नितीनने पाठीवर थाप मारली. "सर, तुम्ही तर जवान निघालात." विनिताने वहीत नाव लिहून त्याखाली रेघ ओढली.

आणि फेब्रुवारीत बातमी आली. सरकारी खाणखातं मनोहररावांची ती बालाघाटकडची खाण आता कायमची बंद करणार, तोंडाशी भिंत बांधणार. त्याआधी क्लबाला एक दिवस परवानगी. आत बारा माणसं, बाहेर एक. सकाळी दहा ते दुपारी चार.

इंदुमतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "बोलावलं हो तुम्हाला त्याने."

बारा जागा, दोन गट. वाद घालून सहा नितीनच्या आणि सहा विनिताच्या ठरल्या. नितीनचा फोन आला, "सर, आमच्या यादीत टाकू?" मनोहरराव म्हणाले, "तुम्ही दोघं मिळून ठरवा, मला कुठेही चालेल." विनिताचा फोन आला. तिलाही तेच सांगितलं. आणि नितीन समजला सर विनिताकडून येतायत, विनिता समजली नितीनकडून. दोन्ही याद्या भरून खात्याकडे गेल्या.

मग एका संध्याकाळी दोघं एकत्रच त्यांच्या घरी आली. कितीतरी महिन्यांनी ती एका सोफ्यावर बसलेली दिसली.

"सर, बाहेर फळीवर कोण बसणार, यावर चार दिवस वाद चाललाय," विनिता म्हणाली. "त्यांचा माणूस आम्हाला नको, आमचा त्यांना."

"पण तुमच्या नावावर दोघांचं पक्कं झालं, सर," नितीन म्हणाला. "एकदम बिनविरोध."

दोघांच्याही चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. मनोहररावांनी विचारलं, "आणि आत?"

तेव्हा कुठे दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. याद्या खात्यात पोचल्या होत्या. आता नाव बदलायचं तर कुणाच्या सहांतलं काढायचं? तेव्हा मनोहरराव नुसतं म्हणाले असते की मला आत जायचंय, तर? रात्री इंदुमतीबाईंनी हेच विचारलं.

"म्हटलं असतं तर दोघांत पुन्हा पेटलं असतं. परवानगीच गेली असती."

"मग वर्षभर मी माळा मोजल्या त्या कशासाठी?"



गणपतीचं त्यांनी दोघांनाही सांगितलं. अगदी सारखं सांगितलं, म्हणजे कुणाला वेगळं वाटायला नको. डाव्या हाताची दुसरी वाट, एकसष्ट नंबरचा खिळा, शेजारी लाल गणपती. आहे का बघा, आणि फोटो आणा. दोघंही म्हणाली, नक्की.

जायला दोन गाड्या होत्या. मनोहरराव जाताना नितीनच्या गाडीत बसले. येताना विनिताच्या गाडीत बसणार, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. इंदुमतीबाईंनी पिशवीत जास्वंदीचं फूल आणि दूर्वा ओल्या फडक्यात बांधून दिल्या होत्या. "कुणाजवळ तरी आत पाठवा," त्या म्हणाल्या. पण खाणीच्या तोंडाशी पोचल्यावर कुणाजवळ द्यावं हे त्यांना ठरवता येईना. फूल एकच होतं. ते पिशवीतच राहिलं.

दहा वाजता बारा बिल्ले फळीवर लागले. माणसं आत गेली, दिवे लहान होत होत दिसेनासे झाले. मनोहरराव खुर्चीवर बसले. खाणीच्या तोंडातून तीच जुनी गार हवा येत होती, ओल्या दगडाच्या वासाची. बावीस वर्षं ते आत असत. बाहेरून तोंडाकडे बघत बसायची ही पहिली वेळ. अकरा वाजले, बारा वाजले. घरची पोळी-भाजी सोडून त्यांनी तशीच पुन्हा बांधली. नजर हलली की काहीतरी होईल असं वाटायचं. इंदू रोज पायऱ्यांखाली अशीच बसते, हे त्यांच्या मनात आलं, आणि नोकरीच्या दिवसांत तर तिच्यासमोर फळीही नव्हती.

अडीचला विनिताची माणसं बाहेर आली. सहा बिल्ले निघाले.

"गणपती?" मनोहररावांनी विचारलं.

विनिता हेल्मेट काढता काढता थांबली. "सर, आम्ही उजव्या बाजूचा नकाशा केला. डावीकडे नितीनजींची टीम गेली होती ना? आम्हाला वाटलं, ते बघतील."

तीन वीसला नितीन लंगडत बाहेर आला, मागे त्याचे पाच जण.

"अरे! मॅडमनी नाही बघितला? सर, आम्ही डावीकडच्या पहिल्या वाटेत शूट करत होतो. म्हटलं, तुमचं काम आहे तर मॅडम करणारच, तुमचं त्यांच्याशी जमतं."

शेवटचा बिल्ला निघाला. फळी रिकामी झाली. चारला चाळीस मिनिटं होती. एकसष्ट नंबर मनोहररावांच्या पायांनी पंधरा मिनिटांवर होता. ते उठले आणि खात्याच्या निरीक्षकांना जाऊन विचारलं.

निरीक्षक भला माणूस होता. "आप सर्व्हेअर रहे हैं यहाँ के? जाइए. बस एक आदमी साथ में, और एक इस बोर्ड पर. इतना कर दीजिए."

दोन माणसं. मनोहररावांनी वळून पाहिलं. दोन गाड्या, आणि त्यांच्याभोवती दोन घोळके.

नितीन म्हणाला, "सर, मीच आलो असतो, पण पाय मुरगळलाय. आमचे आत्ताच बाहेर आलेत. मॅडमचे तासभर आराम करतायत, त्यांना सांगा ना."

विनिता म्हणाली, "मी येते सर, आत्ता येते. पण फळीवर त्यांच्यातला कुणी बसू दे. आमचाच बसला तर उद्या म्हणतील, सगळं आम्हीच बळकावलं."

ते पुन्हा नितीनकडे गेले. नितीनच्या माणसांत कुजबुज झाली. एक जण बूट सोडून बसला होता. दुसरा म्हणाला, "मॅडम आत जाणार, आणि आम्ही बाहेर राखण करायची?" मनोहरराव पुन्हा विनिताकडे आले. मधलं अंतर वीस पावलांचं. पाठीवर दहा किलो घेऊन एकशे बत्तीस पायऱ्या पाच वेळा चढणारा माणूस त्या वीस पावलांत दमला. कुणी कधी काही मागायला आपल्याकडे आलं तर आपण पाणी प्यायला उठत होतो, तेव्हा आता चिडायचं कुणावर?

निरीक्षकांनी घड्याळ दाखवलं. "साहब, अब नहीं हो पाएगा. माफ कीजिए."

कुलूप लागलं. फळी गाडीच्या टपावर बांधली. ते ठरल्याप्रमाणे विनिताच्या गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी, घरी पोचून आंघोळ झाली तोच उषाचा फोन आला. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"साहेब, गेला होतात म्हणे. दिसला का?"

"माहीत नाही, उषाबाई. मी आत जाऊ शकलो नाही."

"तब्येत?"

"तब्येत चांगली आहे," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "खाणीच्या तोंडापाशी फूल तरी ठेवलंत?"

"नाही. फळी सोडून उठता येत नव्हतं. नंतर राहून गेलं."

"बरं, साहेब," ती पुन्हा म्हणाली, आणि फोन ठेवला.

इंदुमतीबाईंनी फडक्यातलं सुकलेलं फूल काढून तुळशीत ठेवलं होतं. भिंतीवरची साडी सोडून तिची घडी घातली होती. शेवेचा डबा टेबलावर होता, कुलपाशिवाय. मनोहररावांनी तो उघडला नाही. इंदुमतीबाई बॅगेतली आट्याची पाकिटं काढून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"यातलं एक फोडू का पोळ्यांना? डब्यातला आटा संपलाय."

"फोड," ते म्हणाले. "दोन्ही फोड."