रजनीबाईंची क्षेत्रभेट

रजनीबाई भोकरदनच्या एका कॉलेजात सांस्कृतिक मानवशास्त्र शिकवायच्या. "संस्कृती म्हणजे नुसतं लेझीम आणि रांगोळी नव्हे," त्या सांगायच्या. "घरात आधी कोण जेवतं, पाहुण्याला कुठं बसवतात, ते बघा. पुस्तकाआधी माणसं वाचा." मग जोड्या लावून मुलांना एकमेकांच्या घरी मुक्कामाला धाडायच्या. पोरं हरखून परत यायची आणि बाईंचा तास गजबजून जायचा.

त्या वर्षी धावड्याची प्रीती आणि पिंपळगाव रेणुकाईची श्रद्धा यांची जोडी लागली. दोघी एका बाकावर बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. आधी श्रद्धा धावड्याला राहून आली. प्रीतीच्या आईनं, बेबीनंदाबाईनं, तिच्यासाठी धपाटे केले. स्वतः खाली झोपून तिला पलंग दिला. मग प्रीती पिंपळगावला गेली आणि त्याच संध्याकाळी परतली.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात उभं राहून सांगितलं, बाईंनी शिकवलं होतं तसं, आपलं मत न घालता.

"सगळ्यांनी कपातून चहा घेतला. मला कागदी पेल्यात दिला. जेवायला ओसरीत वेगळं वाढलं. मुक्कामाचा विषय कुणी काढला नाही, म्हणून निघाले. ओढणी विसरली म्हणून वळले, तर आजी ओसरी धूत होत्या."

श्रद्धाला रडू फुटलं. "आजी जुन्या वळणाची आहे गं."

"पण तू तर तिथंच होतीस ना?" प्रीती म्हणाली.

दोन दिवसांनी श्रद्धाचे वडील कॉलेजात आले. घराची बदनामी झाली म्हणाले. प्राचार्यांनी प्रीतीला माफी मागायला सांगितलं. "ती खोटं बोललेली नाही," रजनीबाई म्हणाल्या. पण प्राचार्यांनी त्यांनाच गप्प केलं. प्रीती दप्तर उचलून निघून गेली.

बाई धावड्याला गेल्या. प्रीतीचे वडील तातेराव नुकतेच शेतातून आले होते.

"तुमची चुकी न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "पण हे आमाला बिलकुल नवं न्हाई. माह्या बापानं पाह्यलं, मी पाह्यलं. पोरीला पाहावं लागू नये म्हणून तर कॉलेजात घातल्ती."

बाईंना तिथंच हुंदका आला. बेबीनंदाबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, त्यानं त्यांना जास्तच रडू आलं. प्रीती दारात आली.

"मी अभ्यासाला न्हाई, मैत्रिणीच्या घरी गेल्ते, मॅडम," एवढंच म्हणाली.

ती परत आली नाही. शहागडला मामाकडे राहून एका कापडदुकानात लागली. रजनीबाईंनी दोनदा फोन केला. ती आदरानं बोलली, पण दोन्ही वेळा कॉलेजचा विषय निघताच तिनं फोन मामाकडे दिला.

पुढच्या वर्षीपासून बाईंनी कुणालाच कुणाच्या घरी धाडलं नाही. आता त्या पुस्तकातून शिकवतात.

श्रद्धा शेवटच्या वर्षाला पहिली आली. निकालाच्या दिवशी ती बाईंच्या पाया पडायला वाकली. बाईंनी तिला खांद्याला धरून उठवलं, जवळही घेतलं. पण आशीर्वादाचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना.