दोष हत्याराचा

वस्तादांच्या जगात माणसाची चूक अशी कधी नसायचीच. दोह्यातल्या मदिनत खलीफा भागात आमच्या घरी ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझ्या लेकीच्या हातून काचेचा ग्लास फुटला. "सॉरी, इट स्लिप्ड," ती म्हणाली. मी ओरडायला तोंड उघडणार तोच वस्ताद म्हणाले, "ग्लासाचं बूडच गुळगुळीत हाय, पोरगी काय करंल?" त्या दिवसापासून लेक त्यांच्या पक्षात गेली. माझी गाडी खांबाला घासली तर खांब नको तिथं उभा. आमटी खारट झाली तर इथलं मीठच जास्त खारं. मी नाशिकची, तोंडानं फटकळ. मला हा सगळा प्रकार सुरुवातीला ढोंग वाटायचा.

ते मूळचे कोल्हापूरचे. आजोबा, वडील आणि ते स्वतः, तिघांचाही धंदा बंदुका दुरुस्त करण्याचा. मी ज्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्रॉइंगचं काम बघते, तिच्या मालकांनी त्यांना इकडं आणलं. मालकांना सगळे अर्बाब म्हणत. शहराबाहेर समैस्मा गावाच्या अलीकडे त्यांचा मजरा, म्हणजे शेतघर. तिथल्या एका शेडमध्ये वस्तादांचं वर्कशॉप. व्हिसावर 'मेकॅनिक', पण अर्बाबच्या शिकारी बंदुका सोडल्या तर ते फारशा कशाला हात लावत नसत. अर्बाब त्यांना 'उस्ताद' म्हणायचे. आम्ही मराठी माणसांनी त्याचा वस्ताद करून टाकला. दर शुक्रवारी मी सह्यांचे कागद घेऊन मजऱ्यावर जायची आणि वर्कशॉपमध्ये चहा पिऊन परतायची.

त्या वर्षी अर्बाबनी एका प्रदर्शनात जुनी रायफल विकत घेतली. युरोपातल्या कुणा शिकाऱ्यानं ती स्वतःच्या मापानं घडवून घेतली होती, शिंप्याकडून कोट शिवून घ्यावा तशी. तो माणूस वारला आणि रायफल हिंडत हिंडत दोह्यात आली. खांद्याला टेकवायचा दस्ता अक्रोडाचा, त्यावर चांदीची लहानशी पट्टी. अर्बाब त्या लाकडावरून हात फिरवायला लागले की आपणच दुसरीकडे बघावं. खोड एकच होती. बोल्ट, म्हणजे बाजूची खिट्टी, मागं ओढून पुढं ढकलला की मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीत जायला हवं. ते कधी मध्येच आडवं व्हायचं, कधी जागचं हलायचंच नाही. हिवाळ्यात मित्रांबरोबर परदेशी डोंगरात शिकारीला जायचं ठरलेलं. "सब ठीक करो, उस्ताद," अर्बाब म्हणाले, "लेकिन लकड़ी को हाथ नहीं."

वस्तादांनी मॅगझिनची स्प्रिंग बदलली, ती खरंच मेलेली होती. काडतूस जिथून नळीत चढतं तो उतार पॉलिश केला. मग बिनदारूची चार नकली काडतुसं घेऊन टेबलावर शंभर वेळा भरून काढून पाहिली. एकदाही अडलं नाही. शुक्रवारी नमाजानंतर मजलिसमध्ये, मजऱ्यावरच्या बैठकीत, पाहुणे जमले, अर्बाबनी रायफल खांद्याला लावली, झपाट्यानं बोल्ट मारला, आणि दुसऱ्या वेळीच काडतूस आडवं. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. वस्ताद मान खाली घालून म्हणायचे, "बंदूक में थोड़ा खराबी है, अर्बाब." मग पुन्हा आठवडाभर कानस आणि पॉलिश पेपर.

तिकडे कोल्हापुरात वस्तादांची बायको, आमच्या काकी, एकट्या, आणि त्यांना काचबिंदू. या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची असते. डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून बजावलं होतं. पण काकींनी हट्ट धरला, "तुमी आल्याबिगर मी त्या टेबलावर झोपायची न्हाई." वस्तादांनी रजा मागितली. अर्बाब माणूस वाईट नव्हता. "आँख का ऑपरेशन? इन्शाल्ला. पहले बंदूक, बाद में छुट्टी," असं म्हणून त्यांनी वस्तादांच्या पाठीवर थाप मारली. राजीनामा देऊन जा, असं मीच एकदा सुचवलं. "अर्धं काम टाकून?" वस्तादांनी असं विचारलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होते.

चौथ्या शुक्रवारी माझा पारा चढला. वर्कशॉपमध्ये जाऊन मी म्हटलं, "वस्ताद, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा तरी!" त्यांनी कानस खाली ठेवली. रायफल माझ्या हातात दिली, चार नकली काडतुसं भरली आणि म्हणाले, "वढा." मी जेमतेम पाच फूट, जन्मात बंदूक धरलेली नाही. बोल्ट ओढला, ढकलला. चारही काडतुसं सरसर गेली. पुन्हा चार, पुन्हा तेच.

"ज्यानं केली त्यो बुटका असणार, तुमच्या मापाचा," वस्ताद हळूच म्हणाले. "मालक सहा फुटी. त्यास्नी दस्ता आखूड पडतोय. बोल्ट मागं आला की चष्म्यापाशी येतोय, मग हात आपसूक आधीच थांबतोय. बोटभर कमी पडतंय. बोल्ट काडतुसाच्या पुरता मागं जाईतच न्हाई, मग त्यो उचलणार काय?"

हे त्यांना दुसऱ्याच शुक्रवारी कळलं होतं. दस्ता दीड इंच वाढवला की काम झालं. पण लाकडाला हात लावायचा तर कारण सांगायला हवं, आणि कारण होतं मालकाचा हात.

"मग सांगा की! एकट्यात सांगा."

"माझ्या बानं एकदा एका शिकाऱ्याला सांगितलं हुतं, हात कापतोय म्हनून. त्यो मानूस पुन्यांदा घराभाईर पडला न्हाई. बाला मरस्तोवर त्ये लागून ऱ्हायलं." त्यांनी रायफल माझ्या हातातून काढून घेतली. "दोष हत्याराला द्यावा, ताई. हत्यार काय रडत न्हाई."

"आणि काकींचा डोळा?"

त्यांनी कानस उचलली आणि आधीच गुळगुळीत असलेला उतार घासायला घेतला. मी निघताना मात्र मला लेकीची शपथ घातली. कुणाला बोलायचं नाही.

ते दोन आठवडे मी कसे काढले माझं मला माहीत. मालक आपल्या हौसेत अडकलेला, वस्ताद बापाच्या शब्दात, काकी हट्टात, आणि मी शपथेत. कुलूप कुठंच दिसत नव्हतं आणि बाहेर कुणालाच पडता येत नव्हतं. ऑफिसात अर्बाब समोरून गेले की मी ड्रॉइंगमध्ये डोकं घालायची. राग कुणाचा येतोय तेही कळेना.

मग एका संध्याकाळी वस्ताद आमच्याकडे असताना काकींचा फोन आला. डावीकडचा जाळ दिसला नाही म्हणून त्यांची बोटं भाजली होती. वस्ताद फोनवर म्हणाले, "शेगडीच सरकली असंल गं." फोन ठेवून बराच वेळ ते आपल्याच हाताकडे बघत बसले. त्या रात्री मी मनातल्या मनात लेकीची क्षमा मागितली.

सकाळी अर्बाबच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"उसको कब से मालूम?"

"दूसरे जुम्मे से."

"और आँख?"

"काला मोतिया है, अर्बाब. जो नज़र गई, वो वापस नहीं आती."

"मेरी माँ का भी सफ़ेद मोतिया का ऑपरेशन हुआ था. आधा घंटा, खलास. मैं समझा वही है." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तुमने मुझे कुछ नहीं बोला. समझी?"

त्याच दुपारी ते मजऱ्यावर गेले, मलाही नेलं. "उस्ताद, ये लकड़ी छोटी है, मुझे पसंद नहीं. बड़ा करो." वस्तादांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांत त्यांनी दस्त्याला अक्रोडाचा तुकडा जोडला, वर रबराची गादी बसवली. शुक्रवारी भरल्या मजलिसमध्ये अर्बाबनी बोल्ट मारला. चार, पुन्हा चार. एकही अडलं नाही. "बंदूक में ही खराबी था," अर्बाब पाहुण्यांना मोठ्यानं म्हणाले, "मेरे उस्ताद ने पकड़ लिया." आणि अंगातल्या लांब झग्याच्या, थोबच्या खिशातून वस्तादांचं तिकीट काढलं.

विमानतळावर सोडायला मी गेले होते. शपथेचं कसं काढावं मला समजेना. त्यांनीच बॅग उचलता उचलता विषय संपवला. "तुमच्या जिभेचीच खोड हाय, ताई. तुमचा काय दोष न्हाई."

काकींचा उजवा डोळा वाचला. डावा गेला. थोडं आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाल्याचं वस्तादांनी मला फोनवर सांगितलं, त्यात कुणाचं नाव न घेता. ते परत आले नाहीत. अर्बाब अजून मला विचारतात, "उस्ताद कैसा है?" आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत दुसरीकडे वळतात.

मध्ये एकदा मी फोन केला तर काकींनी उचलला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, एक खरं सांगा. ती बंदूक येवढी नाठाळ हुती व्हय?"

मागं वस्तादांची कानस चालली होती. ती थांबली.

आयुष्यभर मी तोंडावर खरं बोलत आले. "होय, काकी," मी म्हटलं, "बंदुकीतच खोड होती."

"त्येच म्हनलं मी," काकी म्हणाल्या. "न्हाईतर ह्ये येवढा उशीर करायचं न्हाईत."